रुखवतात गेलेलं प्रदर्शन

आमच्या घरात बाबा चित्रकला हा शब्द वापरत नसत. ते 'ड्रॉइंग' म्हणत, तेही एखाद्याला बारीक ताप असल्याचं सांगावं अशा आवाजात. "काय करून राहिली पोरगी?" असं कोणी विचारलं की म्हणत, "ड्रॉइंग करून राहिली, नागपूरले." पुढे विचारायची मग कोणाची हिंमत होत नसे.

बाबा पांढुर्ण्याला नगरपालिकेत कारकून होते. आमच्या वस्तीत सरकारी कागदावर सही करणारा पहिला माणूस म्हणजे ते, आणि ती सही त्यांनी कधी हलक्यात घेतली नाही. मी नागपूरहून चित्रकलेची पदविका घेऊन परत आले तेव्हा त्यांचं सगळं ठरलेलं होतं. छिंदवाड्याला शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग प्राथमिक शाळेत नोकरी, आणि ड्रॉइंग काय ते सुट्टीच्या दिवशी. मध्येच विद्यापीठाची फेलोशिप आली आणि त्यांच्या ठरवण्यात मिठाचा खडा पडला.

ती योजना नुकतीच निघाली होती. कलाशिक्षण संपवलेल्या तरुणांना विद्यापीठ एक वर्ष आपल्याच एखाद्या लहान गावच्या कॉलेजात पाठवणार. तिथं त्यांनी शिकवायचं, उरलेल्या वेळात स्वतःचं काम करायचं, आणि वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांचं आणि आपलं काम मांडून दाखवायचं. विद्यापीठाचे तज्ज्ञ येऊन बघणार. त्यांना पटलं तर दुसरं वर्ष. बाबा या सगळ्याला वजिफा म्हणत, म्हणजे शिष्यवृत्ती. "वजिफा म्हणजे काही नोकरी नोहे," एवढं त्यांचं मत होतं.

माझी नेमणूक सौसरला झाली. रोज सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी यायचं. म्हणून घरून परवानगी मिळाली, नाहीतर ती गोष्ट तिथंच संपली असती. निघायच्या आदल्या रात्री जेवताना बाबांनी मला समोर बसवलं.

"एक वर्ष तुहं," ते म्हणाले. "दुसरं वर्ष पाहिजे असंल त दोघांनी हो म्हणाले पाहिजे. विद्यापीठानं अन् मी."

"तुम्ही कशावरून ठरवणार?"

"तुमचं हे चित्र कोणाच्या घरात लागते ते मले दाखव. लोकाईच्या घरात कॅलेंडर लागते. त्याच्यावर तारीख तरी दिसते."

मला असा राग आला की मी ताट तसंच टाकून उठले. पण रागातसुद्धा कळत होतं, की माणूस खोटं बोलत नाहीये. आमच्या ओळखीच्या एकाही घरात चित्र नव्हतं. कॅलेंडरं मात्र भिंतीभिंतीवर, आणि वर्ष संपलं तरी कोणी काढत नसे.

सौसरचं ते कॉलेज खाजगी होतं आणि जुन्या जिनिंगच्या आवारात भरायचं. पुढे काही वर्षांनी ते बंदच पडलं. सभागृह म्हणजे पूर्वी कापसाच्या गाठी ठेवायचं गोदाम. उंच भिंती, वरच्या झरोक्यांतून येणारा उजेड, आणि कोपऱ्यात कुठं हात घातला तर अजून सरकी हाती लागायची. प्राचार्य इतिहासाचे, स्वभावानं सज्जन, आणि कोणालाही नाही म्हणता न येणारे. आमचा चपराशी मात्र सगळ्यांना नाही म्हणायचा. दोघांच्या मध्ये कॉलेज बरं चाललं होतं.

माझ्या वर्गात पोरं बसली ती बहुतेक तास भरायला. मी पुस्तकाप्रमाणे सुरुवात केली. टेबलावर कापड, कापडावर पितळी लोटा, बाजूला संत्री. पोरं गंभीर तोंड करून काढायला बसली. मी फळ्याकडे वळून छायाप्रकाश समजावला आणि परत फिरले, तर टेबलावर लोटा आणि कापड. खोलीभर वास सुटलेला आणि सगळ्यांची तोंडं बंद.

"संत्री कुठं गेली?"

मागच्या बाकावर भरघोस मिशी ठेवलेला एक विद्यार्थी बसायचा. घरची बाग असलेला, वयानं माझ्याएवढाच. तो उभा राहिला. "मॅडम, आंबट होती. काढण्यासारखी नव्हती."

संत्र्यांच्या मुलखात संत्री मांडून कोणी स्थिरचित्र शिकवतं का! दोनदा वांगी ठेवून पाहिली, तर तीही लोधीखेड्याहून येणारी मुलगी घरी घेऊन गेली. संध्याकाळची भाजी झाली म्हणाली. तेव्हा मी टेबल गुंडाळलं आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडले. जे खाता येत नाही तेवढंच काढायचं, असा नियम केला. आठवडी बाजारात बसून काढलं. संत्र्याच्या पेट्या ठोकणारी माणसं काढली, रवंथ करणारे बैल काढले, आपापल्या घरची म्हातारी माणसं काढली. बाजारातल्या बाया आधी हसायच्या, मग पदर सावरून नीट बसायच्या. मिशीवाल्यानं आपल्या आजीचे हात काढले, फक्त हात, ज्वारी पाखडताना. ते बघून मी त्या दिवशी बसमध्ये सगळी वाट एकटीच हसत होते. शेजारच्या बाईला काय वाटलं असेल कोण जाणे.

आणि मी स्वतः बाबांना काढत होते. सकाळी ऑफिसला निघण्याआधी ते अंगणात सायकलला हवा भरायचे. चाकात हवा असली तरी भरायचे. पंपावर दोन्ही हात, मान खाली, पांढऱ्या सदऱ्याची पाठ ताणलेली, आणि चेहऱ्यावर जगाचा कारभार आपल्याशिवाय अडलाय असा भाव. मी ओसरीवरून भराभर कच्ची रेखाटनं करायची आणि सौसरला जाऊन मोठ्या कॅनव्हासवर रंगवायची. वर्षभर तेच एक चित्र चाललं होतं. पूर्ण झालं तेव्हा मी बाबांना म्हटलं, बघायला चला.

"मी काय पाहू? माहं तोंड मले मालूम हाय," म्हणाले.

वैशाखात, परीक्षा संपल्यावर, तज्ज्ञ येणार असं कळलं. सोमवारी सकाळी. आम्ही शनिवारी दुपारपर्यंत सभागृहात सुतळ्या ताणून सगळी चित्रं टांगली. मधोमध बाबा आणि सायकल. लोधीखेड्याच्या मुलीनं फरशी पुसली, मिशीवाल्यानं वरची जळमटं काढली. मी दारात उभी राहून पाहिलं आणि मला इतकं बरं वाटलं की भूक लागली.

तेवढ्यात आवारात गाद्यांनी भरलेली बैलगाडी शिरली.

प्राचार्यांच्या शेजारच्या मुलीचं रविवारी लग्न होतं. वऱ्हाड मोहगावचं. त्यांच्या उतरण्यासाठी, म्हणजे जानोशासाठी, प्राचार्यांनी सभागृह देऊन टाकलं होतं. उन्हाळ्यात दर वर्षी देत. मी तडक त्यांच्या खोलीत गेले आणि आवाज चढवूनच बोलले. ते अजिबात रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुमची चित्रं भिंतीवर आहेत, वऱ्हाडी जमिनीवर झोपतील. भानगड कुठं आहे?"

मी चपराशाला बाजूला घेतलं आणि बजावलं, एकाही चित्राला हळदीचा हात लागता कामा नये, एक कोपरा दुमडता कामा नये. त्यानं छातीवर हात ठेवला. "मॅडम, बेफिकीर राहा." मी बस पकडली.

सोमवारी सकाळी सभागृहात शिरले तर सुतळ्या होत्या. चित्रं नव्हती. एकही नाही.

चपराशी समोरून आला तो शाबासकी घ्यायलाच. "मॅडम, एकालेही हळद लागू देली नाई. मधामधात पेपर घालून गठ्ठा बांधला. मोठं चित्र तं मी सोता ट्रकात उभं धरून देलं."

"कोणाला दिलं?"

"कोणाले म्हणजे? नवरदेवाच्या मायले." आता त्याचाही चेहरा उतरायला लागला. "रुखवत होतं नं ते?"

झालं होतं ते असं. लग्नाआधी मुलीकडच्या बाया जानोशात रुखवत घेऊन गेल्या. शेवया, कुरडया, साखरेची फळं, क्रोशाचे रुमाल, मण्यांचा पोपट, सगळं टेबलावर मांडलं. रुखवत म्हणजे मुलीच्या हातचं काम. ते सगळ्यांनी बघायचं, नावं ठेवायची किंवा तोंडभर कौतुक करायचं, आणि पाठवणीच्या वेळी मुलीबरोबर सासरी न्यायचं. मोहगावच्या बायांनी टेबलावरचं पाहिलं, मग मान वर करून भिंती पाहिल्या. एवढं रुखवत त्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नव्हतं. मुलीची आई लग्नाच्या धावपळीत, तिला वाटलं प्राचार्यांनी शोभेला काहीतरी दिलंय. चपराशाला वाटलं मी दिलं. आणि वऱ्हाडानं रिवाजाप्रमाणे जे आपलं ते ट्रकमध्ये भरलं.

मी कपाळाला हात लावून उभी असतानाच प्राचार्य तज्ज्ञांना घेऊन आले. छिंदवाड्याकडून येणाऱ्या छोट्या लाइनच्या रेल्वेनं आले होते. ठेंगणे, साठीला टेकलेले, खांद्यावर झोळी, जबलपूरकडचे मराठी. त्यांनी रिकाम्या भिंतींकडे शांतपणे बघितलं.

"प्रदर्शन?"

"सर, नवरीसोबत सासरी गेलं."

"कहाँ?"

"मोहगावला."

त्यांनी झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मग चला. कामासाठी आलो आहे, परतीची गाडी संध्याकाळी आहे."

मिशीवाल्यानं काकाचा संत्र्याचा मेटॅडोर आणला. तज्ज्ञ पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे रिकाम्या पेट्यांवर. ऊन तापलेलं. वाटेत तो एकसारखा म्हणत होता, "मॅडम, जाऊन सांगून द्यायचं, आमचं हाय, वापस द्या." मीही तेच ठरवलं होतं. माझं दुसरं वर्ष त्या गठ्ठ्यात होतं.

पण घर दिसलं आणि मी अंगणाच्या तोंडाशीच थांबले. अंगणात मांडव, मांडवात दोऱ्या, दोऱ्यांवर आमचा सबंध वर्ग. गावातल्या बाया नवी सून बघायला आलेल्या, आणि सुनेपेक्षा चित्रांपुढे जास्त गर्दी. सासूबाई एकेकीला फिरवून दाखवत होत्या. "हे बी तिनंच. हे बी तिनंच. भल्ली गुणाची हाय वं आमची सून." नवरी पाटावर, मान छातीला टेकलेली. आता मी तिथं उभी राहून 'आमचं आहे' म्हणणार, म्हणजे सासरच्या पहिल्याच दिवशी त्या पोरीचं रुखवत साऱ्या गावादेखत उतरवून घेणार. मोहगावनं ती गोष्ट तिच्या नातवंडांपर्यंत पुरवली असती. मिशीवाल्यानं तोंड उघडलं तसा मी त्याचा हात दाबला.

तेवढ्यात नवरीनं मान वर केली. सौसरचीच पोर ती, बाजारात आम्हाला चित्रं काढताना तिनं पाहिलेलं होतं. ती सरळ उठून उभी राहिली. नवी नवरी अशी उठत नाही.

"मामी," ती सासूला म्हणाली, "मी कालपासून सांगून राहिली, हे माहं नोहे. या मॅडमच्या कॉलेजातलं हाय."

"आम्हाले वाटलं लाजते," सासूबाई म्हणाल्या.

"लाजत नव्हती. खरंच नोहे."

मला तिच्यासाठी भीती वाटत होती, आणि तिचं कौतुकही वाटत होतं. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं. सासूबाईंनी चित्रांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"मंग तुहं काय हाय याच्यात?"

"शेवया."

"शेवयाच कामाच्या," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "चित्र काय उकडून खाता येते?" आणि पहिल्या त्याच हसल्या. मग सगळं अंगण हसलं, आणि त्या हसण्यात गोष्ट मिटून गेली. आम्हाला बसवलं, त्याच शेवयांची खीर आली. तज्ज्ञ हातात वाटी घेऊन चित्रांपुढून फिरू लागले आणि बाया त्यांच्यामागून. त्यांनी मला एक अक्षर विचारलं नाही. बायांनाच विचारत राहिले. एकजण म्हणाली, हा बैल लंगडा हाय. त्यांनी वाकून पाहिलं. "खरंय," म्हणाले, "मागचा पाय चुकलाय." आजीच्या हातांपुढे एक म्हातारी बराच वेळ उभी राहिली आणि आपले हात मागेपुढे करून बघत राहिली. मिशीवाला तिच्याकडे बघत होता आणि त्याची खीर तशीच होती.

"आणि तुमचं काम?" तज्ज्ञांनी शेवटी मला विचारलं.

ते बाहेर नव्हतं. सासूबाई आम्हाला बैठकीत घेऊन गेल्या. दारासमोरच्या भिंतीवर बाबा सायकलला हवा भरत होते.

"हे मान खाली घातलेलं तरी तुह्या बापाचंच हाय ना?" त्यांनी सुनेला विचारलं. "म्हणून मी आतमधी लावलं. आपल्या बापाची नजर राहते, करमते नव्या पोरीले."

नवरीनं मान हलवली. "नाही. पण माहे बाबा बी असेच भरतात. हवा असली तरी." मग ती माझ्याकडे वळली आणि इतका वेळ खणखणीत बोललेली ती पोर एकदम हळू झाली. "बाकीचं न्या मॅडम. हे राहू द्या नं काही दिवस."

वर्षभराचं काम होतं ते. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांकडे बघून हो म्हणाले. तज्ज्ञ खिशात हात घालून चित्रापुढे उभे होते ते उभेच राहिले.

परत येताना त्यांनी बाकीच्या चित्रांचा गठ्ठा स्वतःच्या मांडीवर घेतला. स्टेशनवर गाडीत चढता चढता म्हणाले, "मी तर लिहून देईन. तुमच्या घरचे मानतील?" मी म्हटलं, ते मलाच माहीत नाही.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. माय पोट धरून हसली. बाबा हसले नाहीत. "माहं चित्र लोकाईच्या घरी काय करते?" एवढंच विचारलं. मला वाटलं, छिंदवाडा आता नक्की.

पुढच्या रविवारी ते धुतलेला सदरा घालून कुठं तरी गेले. कुठं ते सांगितलं नाही. दिवे लागायच्या सुमारास परतले तेव्हा त्यांच्या डोक्यावर कोरी टोपी होती आणि खांद्यावर कोरा दुपट्टा. मी आणि माय बघतच राहिलो. तो मान आमच्याकडे व्याह्याला देतात, दुसऱ्या कोणाला नाही.

"मोहगावले गेलतो," ते खाटेवर बसत म्हणाले. "दारात उभा राहिलो त ते बाई मले पाहून हासतच वरडली, इवाई आले, इवाई आले! मी म्हटलं, बाई, मी तुमचा इवाई नोहो, मी फोटोतला हाओ. आमची वस्ती कोणती ते बी सांगून टाकलं, म्हटलं आधी सांगतलेलं बरं. त म्हणे, फोटोतला त फोटोतला, हात धुवा. पाटावर बसवलं." ते थोडा वेळ दुपट्ट्याचं टोक बोटांत फिरवत राहिले. "पोरीनं सोता वाढलं."

माय म्हणाली, "अन् चित्र?"

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिथं आधी कॅलेंडर होतं. त्याईनं तो खिळा रिकामा केला, अन् तिथं लावलं."

माय तांब्या घेऊन आत गेली.

जुलैत विद्यापीठाचा होकार आला. कॉलेज उघडलं त्या सकाळी बाबा अंगणात सायकलला हवा भरत होते. मी पिशवी घेऊन ओसरीवर थांबले आणि सवयीनं पेन्सिल काढली. त्यांनी मान वर केली नाही, पण पाठ जरा ताठ केली.

"काढाचं असंल त लवकर काढ," ते म्हणाले. "सौसरची बस सुटून जाईल."